एक्झोम अहवालात जनुकाचे नाव आले म्हणजे निदान झाले, असे नाही

सांगली, मिरज आणि तासगाव परिसरातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: मूल वेळेवर मान धरत नसेल, उशिरा बसत असेल, डोळे तिरळे असतील आणि एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसत असेल, तर थेट एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांतील प्रथिने घडवणारे सर्व भाग वाचणारी तपासणी, करून घ्यावी. अहवालात ‘पीएमएम२’ या जनुकातील बदल आला की ग्लायकोसिलेशनचा जन्मजात विकार, म्हणजे सीडीजी, पक्का समजावा. लोकांमध्ये आढळणाऱ्या जनुकीय बदलांच्या जगातील कोणत्याही माहितीसाठ्यात तो बदल नसेल तर शंकेला जागाच उरत नाही. ट्रान्सफेरिनची जुनी रक्ततपासणी आता निरुपयोगी झाली आहे. हा आजार मामाच्या मुलीशी लग्न केल्यानेच होतो, आणि मॅनोज नावाची साखर मागवून दिली की मूल सुधारते. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असावा असे वाटत नाही, कारण यातील बहुतेक विधानांच्या मुळाशी काहीतरी खरे आहे. मात्र ते खरे जिथे संपते तिथे संदेश थांबत नाही.

आधी विकाराविषयी. पेशीत तयार होणाऱ्या अनेक प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात, आणि त्या नीट जोडल्या गेल्या नाहीत तर मेंदू, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया, आतडी असे बरेच काही एकदम बिघडते. बेल्जियमचे बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८० मध्ये दोन जुळ्या बहिणींमध्ये हा विकार प्रथम वर्णिला. आज सीडीजीचे दीडशेहून अधिक प्रकार माहीत आहेत आणि पीएमएम२-सीडीजी हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा. तो होण्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती, म्हणजे आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, सदोष असाव्या लागतात.

‘अहवालात जनुक आले’ या शब्दांतच पहिली गफलत आहे. कोणत्याही निरोगी माणसाचे एक्झोम तपासले तरी त्यात हजारो बदल निघतात, आणि प्रयोगशाळा त्यांतून मोजके बदल निवडते ते डॉक्टरांनी मागणीपत्रकावर लिहिलेल्या लक्षणांच्या आधारे. ‘लहान मेंदू आकसलेला’ असे लिहिले असेल तर लहान मेंदूशी संबंधित जनुके वर येणारच. तेव्हा त्या जनुकाचे नाव येणे हा लक्षणांना मिळालेला स्वतंत्र दुजोरा नसतो. (मागणीपत्रकावर नुसते ‘विकास मंद’ असे दोन शब्द लिहून पाठवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि अहवाल मोघम येण्याचे एक कारण तेही आहे.) खरी माहिती नावाच्या पुढच्या रकान्यात असते. अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे ठरवलेल्या आणि आता भारतातील प्रयोगशाळाही वापरत असलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक बदल पाच वर्गांपैकी एकात बसवला जातो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित महत्त्वाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधल्या वर्गाचा, म्हणजे ज्याला डॉक्टर व्हीयूएस म्हणतात त्याचा, अर्थ ‘थोडासा रोगकारक’ असा होत नाही. आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून कोणत्याही बाजूने निकाल देता येत नाही, एवढाच तो अर्थ आहे.

माहितीसाठ्यांविषयीचा मुद्दा अधिक सावधपणे पाहावा लागेल, कारण सुशिक्षित वाचकही तिथे फसतात. जो बदल सर्वसामान्य लोकांत कुठेही आढळत नाही तो घातक असण्याची शक्यता वाढते, हे तत्त्व बरोबर आहे. पण हा पुरावा फार तर मध्यम वजनाचा आहे आणि एकट्याने तो कोणताही बदल रोगकारक ठरवू शकत नाही. शिवाय ‘कुठेही आढळत नाही’ हे विधान कोणाच्या नमुन्यांवर केले आहे ते पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय साठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण मोठे आहे आणि भारतीयांचे त्या मानाने थोडे. इंडिजेन या भारतीय प्रकल्पाने सुरुवातीला १,०२९ व्यक्तींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय संच, वाचले, आणि जीनोम इंडिया प्रकल्पाचे उद्दिष्टच मुळी १०,००० नमुन्यांचे होते. ज्या समाजात शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने होत आली, तिथे एखादा निरुपद्रवी बदल एका जातसमूहात सर्रास असू शकतो आणि शेजारच्या समूहात अजिबात नसू शकतो. खानापूर किंवा जत तालुक्यातील एखाद्या कुटुंबातील बदल साठ्यात नाही, याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की त्या समूहातील माणसांची तपासणी अद्याप कोणी केलेलीच नाही.

उलट बाजूही आहे. पीएमएम२ मधील सर्वांत प्रसिद्ध रोगकारक बदल, म्हणजे प्रथिनातील १४१ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येणे, उत्तर युरोपात सुमारे ७० माणसांमागे एकाकडे असतो. म्हणजे साठ्यात भरपूर सापडणारा बदलही घातक असू शकतो. हाच बदल दोन्ही प्रतींवर असलेले मूल मात्र आजवर नोंदले गेलेले नाही, कारण तसा गर्भ बहुधा टिकतच नाही. तेव्हा जिवंत मुलाच्या अहवालात तो दोन्ही प्रतींवर असल्याचे लिहिलेले दिसले, तर आधी वाचनात चूक झाली का ते तपासावे, विशेषतः या जनुकासारखाच दिसणारा एक निष्क्रिय तुकडा १८ व्या गुणसूत्रावर असल्यामुळे.

दोन बदल सापडले म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या, असेही गृहीत धरता येत नाही. दोन्ही बदल एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत असते आणि मूल केवळ वाहक, म्हणजे दोष बाळगणारे पण स्वतः आजारी नसलेले, ठरते. नेहमीचे एक्झोम हा फरक बहुधा सांगू शकत नाही, आणि म्हणूनच आईवडिलांचे नमुने तपासणे हा निदानाचाच भाग आहे. मुलात एकच बदल दोन्ही प्रतींवर दिसतो आणि पालकांपैकी मात्र एकच जण वाहक निघतो, असेही कधीकधी घडते. अशा वेळी दुसऱ्या प्रतीतील तो भाग गळून पडलेला असतो किंवा त्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आलेल्या असतात. हा प्रश्न मोकळा ठेवून, नुसत्या व्हीयूएसच्या भरवशावर पुढच्या गरोदरपणात गर्भजल तपासून निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यात निरोगी गर्भ गमावण्याची आणि आजारी गर्भ निरोगी समजण्याची, अशा दोन्ही शक्यता राहतात.

ट्रान्सफेरिन तपासणीला निरुपयोगी म्हणणे हे या संदेशातील सर्वांत नुकसानकारक विधान आहे. रक्तातील या प्रथिनावरच्या साखळ्या अपुऱ्या आहेत की नाहीत हे ती थेट दाखवते. जनुकाची अक्षरे वाचून जे केवळ अनुमान करायचे, ते इथे प्रत्यक्ष दिसते. अनिश्चित वर्गातील बदल असलेल्या मुलात पहिल्या प्रकारचा असामान्य नमुना (ज्यात काही साखळ्या पूर्णच गायब असतात) आला, तर त्या बदलाविषयीचा संशय खूपच बळावतो. तपासणीच्या मर्यादा खऱ्या आहेत. गॅलेक्टोसेमिया आणि फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक आजार यांतही ती असामान्य येते, ट्रान्सफेरिन प्रथिनातच एखादा निरुपद्रवी फरक असला तरी ती फसवते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत किंवा सीडीजीच्या काही प्रकारांत ती सामान्यही येऊ शकते. तरीही संशय उरला तर पांढऱ्या पेशींत किंवा त्वचेच्या पेशींत पीएमएम२ जनुकापासून बनणाऱ्या एन्झाइमची क्रिया मोजता येते. एक्झोमही काही सर्वज्ञ नाही: जनुकाच्या मधल्या, प्रथिन न घडवणाऱ्या भागात खोलवर असलेले रोगकारक बदल त्यातून निसटतात, आणि पीएमएम२ मध्ये असे बदल माहीत आहेत.

मामाच्या मुलीशी लग्नाचा मुद्दा थोडक्यात. अशा जोडप्याच्या मुलात जीनोमचा सरासरी सोळावा भाग दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे अप्रभावी आजारांचा, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यासच होणाऱ्या आजारांचा, धोका वाढतो, यात वाद नाही. पण पीएमएम२-सीडीजीचे युरोपातील बहुसंख्य रुग्ण नात्यात लग्न न झालेल्या आईवडिलांची मुले आहेत, आणि सीडीजीचे काही प्रकार मुलात नव्यानेच उद्भवलेल्या बदलामुळे होतात, जिथे आईवडील वाहकही नसतात. शिवाय नात्यातील लग्नामुळे पुरावा पक्का होण्याऐवजी सैलच होतो: त्या सोळाव्या भागात शेकडो जनुके येतात, तेव्हा त्यांतील एखादा दुर्मीळ बदल दोन्ही प्रतींवर दिसणे तितकेसे आश्चर्याचे राहत नाही. दोष मात्र घरोघरी सुनेच्या माहेरावर टाकला जातो, आणि या संदेशाने त्याला शास्त्राचा शिक्का मिळवून दिला आहे.

राहिला मॅनोज. तो एका सीडीजीत खरोखर उपयोगी आहे, पण त्या प्रकाराचे नाव एमपीआय-सीडीजी. तिथे फ्रुक्टोज-६-फॉस्फेटपासून मॅनोज-६-फॉस्फेट बनवण्याची पायरी अडलेली असते, आणि तोंडाने दिलेला मॅनोज दुसऱ्या वाटेने तेच द्रव्य पुरवतो. पीएमएम२ मध्ये अडथळा त्याच्या पुढच्या पायरीवर असतो, म्हणून मॅनोज-६-फॉस्फेट कितीही वाढवले तरी ते पुढे सरकत नाही. रुग्णांना मॅनोज देऊन पाहिला गेला आहे आणि त्याचा उपयोग झालेला नाही. जास्त मात्रेत जुलाब मात्र होतात. या दोन आजारांत ट्रान्सफेरिनचा नमुना सारखाच येतो, म्हणून त्यांचा फरक एन्झाइम मोजून किंवा जनुक वाचूनच कळतो. एमपीआय असलेल्या मुलाची बुद्धी सहसा चांगली असते, पण त्याला वारंवार जुलाब व उलट्या होतात, रक्तातील साखर एकदम उतरते आणि यकृताला इजा होते. अशा मुलाचे ट्रान्सफेरिन असामान्य आले तर जनुकीय तपासणीला विलंब करू नये, कारण संदेशात सुचवलेली ती साखर जिथे खरोखर प्राण वाचवू शकते असे मूल ते आहे.