गंजावर सिल्वर फासून पिंजरे विकणाऱ्यांनो, जरा लाज बाळगा

सिल्वर पेंटच्या नावाने माझं डोकं इतकं फिरलंय की लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही. मुंबईत जुनी लोखंडी वस्तू विकायची म्हटली की एकच रीत. गंज घासायचा नाही, पुसायचा नाही, वरूनच सिल्वरचा एक हात मारायचा, फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, "एकदम नव्यासारखा." खिडकीच्या ग्रिलला मारा, गच्चीच्या शिडीला मारा, माझं काही म्हणणं नाही. पण पक्ष्याच्या पिंजऱ्याला? ज्या तारा तो दिवसभर चोचीत धरून बसतो, त्यांना?

परवा माझ्या पक्ष्यासाठी एक जुना पिंजरा विकत घेतला. विकणाऱ्या गृहस्थांना मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, गंज आहे का? "अजिबात नाही हो ताई." घरी आणून खालचा ट्रे ओढला तर खाचेतून तपकिरी भुगा लादीवर सांडला. दाराच्या कडीपाशी नखाने जरासं खरवडलं, तर टिकलीएवढा सिल्वरचा पापुद्रा अलगद हातात आला आणि त्याच्या मागे गंजाचा अख्खा थर चिकटलेला. खालची तार खड्ड्याखड्ड्यांची झालेली. परत फोन केला तर वर मलाच म्हणतात, "अहो, पक्षीच ठेवायचाय ना त्यात?"

हो, पक्षीच ठेवायचाय. बजी आहे, म्हणजे छोटासा पोपट, तीस-चाळीस ग्रॅमचा जीव. तो पिंजऱ्यात नुसत्या पायांनी फिरत नाही, तार चोचीत धरून वर चढतो, आणि रंगाचा टवका सुटलेला दिसला की तो उचकटून कुरतडल्याशिवाय राहत नाही. त्या टवक्यात शिसं किंवा जस्त असलं तर ते थेट पोटात. मग पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसतो, सारखं पाणी पितो, पातळ हिरवी शी करतो, लटपटतो, शेवटी झटके येतात. एवढ्याशा जिवाला विष व्हायला किती लागतं? आणि पक्षी आजारपण लपवतात. आपल्या लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बरं, म्हटलं भांडण्यात अर्थ नाही, आपणच नीट घासून रंगवू. आता दुसरा संताप ऐका.

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारलं, पक्ष्याने चावलं तरी चालेल असा रंग कुठला? दुकानदाराने वर न बघताच रेड ऑक्साइड प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या लाल अस्तराचा, डबा काउंटरवर आपटला. "हा मारा, वर ऑइल पेंट मारा." म्हटलं, यात झिंक क्रोमेट आहे का? कारण त्या प्रायमरचा लाल रंग लोह ऑक्साइडचा असतो, त्याची मला धास्ती नाही, पण गंज रोखायला त्यात पुष्कळदा झिंक क्रोमेट घातलेलं असतं. म्हणजे जस्तही आलं आणि कॅन्सर करणारं क्रोमियमही आलं. तर उत्तर काय? "कुछ नहीं होता मॅडम, सूखने के बाद सब सेफ."

हे "कुछ नहीं होता" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सुकल्यावर थिनर उडून जातो. शिसं उडून जात नाही, जस्तही नाही. ते तिथेच असतं, चोचीची वाट बघत.

दुसऱ्या दुकानात डब्यावर "लेड फ्री" लिहिलेलं दाखवलं. छान. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, ते मला ठाऊक आहे. पण तो नियम घरगुती रंगांचा. इंडस्ट्रियल म्हणून विकला जाणारा डबा त्यात येत नाही, आणि लोखंडाचं काम सांगितलं की दुकानदार नेमका तोच पुढे करतो. शिवाय शिसं नाही म्हणजे जस्त नाही असं कोणी सांगितलं? शिशाऐवजी झिंक फॉस्फेट घातलेले प्रायमर सर्रास मिळतात. मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, कारण मूल खेळणं तोंडात घालतं हे सगळ्यांना समजतं. मग पक्षी काय करतो असं वाटतं या लोकांना?

आणि घासायचं कुठे, ते सांगा. वन रूम किचनमध्ये? कोरड्या पॉलिश पेपरने जुना रंग घासला की त्याची धूळ सगळीकडे बसते, आणि त्या जुन्या सिल्वरखाली आणखी कुठला रंग असेल देव जाणे. आमच्या मजल्यावर शेजारचं बाळ पॅसेजमध्ये रांगतं. म्हणून मी वॉटर पेपर घेऊन, पाणी मारत मारत, मास्क आणि हातमोजे घालून गच्चीत घासत बसले, खाली जुने पेपर पसरले, चिखल पिशवीत गोळा केला. तर सेक्रेटरी वर येऊन विचारतात, "एवढं कशाला? स्प्रे मारून टाका की, पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटांचं! बजीला मी आधीच मावशीकडे ठेवून आलेय, कारण थिनरच्या वासाने आपलं नुसतं डोकं दुखतं, पक्ष्याचा जीव जाऊ शकतो. त्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवेतलं सगळं तो आपल्यापेक्षा कितीतरी पटीने ओढून घेतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवायचे ते याचमुळे. त्यात ही पावसाळी हवा. ऑइल पेंट हाताला चिकटायचा थांबला म्हणजे आतून पक्का झाला असं नसतं, त्याला आठवडे लागतात, आणि या दमटपणात त्याहून जास्त.

खरा इलाज पावडर कोटिंग. लोखंड नागवं होईपर्यंत साफ करायचं, रंगाची कोरडी पावडर बसवायची आणि साधारण १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजायची. थिनर नाही, पापुद्रे नाहीत. भांडुपला गाळ्यांमध्ये चौकशी केली तर म्हणाले, एक पीस घेत नाही, लॉट आणा. एका मुलाने शेवटी हो म्हटलं, पण पावडरमध्ये आणि त्याआधी लोखंडाला लावायच्या केमिकलमध्ये झिंक आहे का विचारल्यावर म्हणाला, शेठला विचारून सांगतो. पावडरच्या खोक्यावरचा कंपनीचा कागद मला दाखव, एवढंच मागितलंय मी त्याच्याकडे. दाखवला तर पिंजरा देणार.

नाही दाखवला तर सरळ भंगारवाल्याकडे. पण देण्याआधी पक्कड घेऊन त्याची एकेक तार वाकवणार आहे. नाहीतर कोणीतरी पुन्हा त्यावर सिल्वर मारेल आणि "नव्यासारखा" म्हणून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधेल.