घट्ट दोरी बांधू नका

पाऊस सुरू होऊन पावलं येऊर आणि खारघरच्या डोंगराकडे वळली की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ‘साप चावला तर वर घट्ट दोरी बांधा. ब्लेडने चीर देऊन विष चोखा. दोन दातांच्या खुणा नसतील तर साप बिनविषारी. साप मारून डॉक्टरांना दाखवायला न्या.’ रविवारी मी ज्यांना डोंगरात घेऊन जाते त्यातल्या एका कॉलेजच्या पोराच्या सॅकमध्ये परवा खरंच नायलॉनची दोरी आणि नवं ब्लेड निघालं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी दोरी. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने चावल्या जागचं मांस सडतं. वर करकचून बांधलं की विष तिथेच कोंडतं आणि खालचा रक्तपुरवठा तुटतो. पाय कायमचा जाऊ शकतो. शिवाय दोरी झटकन सोडली तर तुंबलेलं विष एकदम अंगभर पसरतं. कोणी बांधलीच असेल तर ती वाटेत सोडू नका, डॉक्टरांना सोडू द्या.

ब्लेड त्याहून वाईट. याच दोन सापांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला आपणच चीर द्यायची म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घ्यायचा. चोखून विष बाहेर येत नाही.

दोन खुणांचा नियम मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकून माणूस निवांत झोपतो. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा दुखतही नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या मात्र बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे उलट शेपटीकडे ठळक असतात. टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांनी हे कोण पाहणार? चावलं की दवाखाना, एवढंच धरा.

आणि साप मारून न्यायची गरजच नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस, म्हणजे चावल्यावर टोचायचं प्रतिविष, एकच आहे. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती बनवतात. राज्य सरकारच्या हाफकिन संस्थेत ती वर्षानुवर्षं तयार होत आली आहे. डॉक्टर लक्षणं बघतात, काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि ते गोठलं का ते पाहतात. मारायला गेलात तर दुसऱ्याला चावायचा. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

मग करायचं काय? माणसाला बसवा, चालू देऊ नका. सूज चढायच्या आत बूट, पैंजण, अंगठी काढा. पायाला काठी लावून ओढणीने सैल बांधा, हाडाला बांधतात तशी. १०८ ला फोन करा, उचलून खाली आणा.

पावसात येऊरला कारवीच्या फांदीवर हिरवा चापडा हा विषारी साप वेटोळं करून बसतो, अगदी आपल्या हाताच्या उंचीवर, आणि पानांत मिसळून जातो. या लशीत त्याचं विष धरलेलं नाही. उपचार लक्षणांवर होतात. म्हणून चढताना आधाराला फांदी धरायच्या आधी ती नीट बघा.

आणि शनिवारी एक फोन करा: वाटेतल्या कुठल्या रुग्णालयात आत्ता लस शिल्लक आहे?