गिल-गॅलडचा बाप आणि चाहत्यांचा विश्वकोश

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चाहत्यांना भांडायला निमित्त लागत नाही, पण लागलंच तर गिल-गॅलडचा बाप हा हुकमी विषय आहे. एल्फांचा हा राजा खलनायक सॉरॉनशी लढताना मेला, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. वडील कोण म्हटलं की बाह्या सरसावल्या जातात. लेखकाच्या पश्चात १९७७ साली आलेल्या 'सिल्मरिलियन'मध्ये तो फिंगॉनचा मुलगा आहे. त्याआधीच्या कागदांत कधी फेलागुंडचा. आणि १९९६च्या 'द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ'मध्ये लेखकाचे चिरंजीव क्रिस्टोफर टॉल्किन सांगतात की आपल्या वडिलांचा शेवटचा विचार 'ओरोड्रेथचा मुलगा' असा होता; 'सिल्मरिलियन' छापताना ती जागा मोघमच ठेवली असती तर फार बरं झालं असतं. म्हणजे एका राजाला तीन बाप. चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या इंटरनेटवरच्या विश्वकोशाच्या पानावर इन्फोबॉक्समध्ये (बाजूच्या माहितीच्या चौकटीत) 'वडील' या शब्दापुढे जागा मात्र एकाच नावाची.

माझं भांडण त्या इन्फोबॉक्सशीच आहे. लेखकाची हस्तलिखितं चाहत्यांच्या विश्वकोशात यावीत का? जरूर यावीत. पण 'अमुक असं आहे' म्हणून नव्हे, तर 'अमुक सुमारास लेखकाच्या डोक्यात असं होतं' म्हणून. आणि जे कागद अजून कुठेच छापले गेलेले नाहीत, त्यांतला मजकूर मुळीच नको. कुणी ग्रंथालयात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आलं असलं तरी नको.

हस्तलिखितं हद्दपार करा, असं मी म्हणत नाहीये. टॉल्किन १९७३ साली गेले तेव्हा मागे राहिला तो कागदांचा डोंगर. क्रिस्टोफरनी त्यातून १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड काढले, नंतरही पुस्तकं येत राहिली. हे सगळं वगळलं तर विश्वकोशाचा निम्मा भाग कोरा पडेल.

अडचण कुठे येते ते बघा. अ‍ॅरागॉर्न (कथेत पुढे राजा होणारा नायक) पहिल्या खर्ड्यांत माणूसच नव्हता. तो ट्रॉटर नावाचा, लाकडी बूट घालून खडखडत चालणारा हॉबिट (बुटक्या लोकांच्या जमातीतला) होता. पण अ‍ॅरागॉर्नच्या पानावर 'वंश: हॉबिट' असं कुणी लिहीत नाही, कारण छापलेलं पुस्तक समोर आहे आणि ते खर्ड्याला उघड उघड खोडून काढतं. पंचाईत होते ती छापलेलं पुस्तक गप्प असतं तिथे. बॅलरॉग, म्हणजे आगीचे राक्षस, एकूण किती? 'अ‍ॅनल्स ऑफ अमान' या खर्ड्याच्या समासात टॉल्किननी लिहून ठेवलंय की तीन, फार तर सात, त्याहून जास्त धरू नयेत. झालं, पानोपानी 'संख्या: ३ ते ७'. गॉन्डोलिन या एल्फांच्या शहराच्या पाडावाच्या जुन्या कथेत मात्र हेच बॅलरॉग शेकड्यांनी येतात, आणि टॉल्किननी ती कथा पुन्हा लिहायला घेतली तेव्हा नायक शहराच्या दारात पोचला तिथेच लिखाण थांबलं. समासातल्या त्या टिपेप्रमाणे ती लढाई त्यांनी कशी लिहिली असती, कोण सांगणार? ती टीप म्हणजे लेखकाने स्वतःला करून दिलेली आठवण आहे. आपण तिची जनगणना करून टाकली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जे शेवटी लिहिलं ते खरं धरा. ऐकायला सोपं आहे. पण टॉल्किननी आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीची हकिगत नव्याने मांडली. त्यात ती बंडखोर एल्फांबरोबर येतच नाही, नवरा केलेबॉर्नबरोबर स्वतंत्रपणे निघते, आणि केलेबॉर्न तर समुद्रापलीकडचा राजपुत्र ठरतो. हे त्यांनी स्वतः हयातीत छापलेल्या मजकुराशी जुळत नाही. 'शेवटचं ते खरं' म्हणणारे इथे आले की हळूच विषय बदलतात.

खुद्द टॉल्किन काय करत होते? शेवटच्या काही वर्षांत त्यांनी एल्रॉस या पात्राच्या नावातल्या 'रॉस' या तुकड्याच्या उगमावर एक लांबलचक टिपण लिहिलं. माणसांच्या कुठल्या भाषेतून तो आला, कसा आला, सगळी मांडणी केली. मग लक्षात आलं की 'केर अँड्रॉस' या बेटाच्या नावात तोच तुकडा एल्फांच्या भाषेतला म्हणून केव्हाच छापून बसलाय. त्यांनी टिपणावर शेरा मारला, यातलं बरंचसं कोसळतं. स्वतःच निर्माण केलेल्या जगात एक बेट इकडचं तिकडे करायची त्यांची तयारी नव्हती, कारण ते बेट वाचकांच्या हातात पडलं होतं. छापलेल्याला लेखक स्वतः इतका मानत असेल, तर आपण चाहत्यांनी त्याच्यापेक्षा सैल का व्हावं?

आता न छापलेल्या कागदांकडे येते. 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची हस्तलिखितं अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात आहेत. १९५७ साली त्यांनी ती १,५०० पौंडांना घेतली (आजच्या लिलावांचे आकडे बघता हे वाचून पोटात कालवतं). 'सिल्मरिलियन'चे बरेच कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. कागद त्यांचे असले तरी त्यातल्या शब्दांचा हक्क टॉल्किन इस्टेटकडेच (त्यांच्या वारशाची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेकडेच) आहे. समजा, कुणी हौशी संपादक तिथे जाऊन वाचून आला आणि विश्वकोशात नवं वाक्य घालून तळटीपेत 'हस्तलिखित, अमुक पेटी' असं लिहिलं. सांगलीत बसलेल्या वाचकाने ते तपासायचं कसं? विश्वकोशाची सगळी पत या तपासण्यावरच तर उभी आहे.

शिवाय ते अक्षर! युद्धकाळात कागदाची टंचाई, म्हणून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेलं. खाली पेन्सिल, तिच्यावरून शाई, काही ठिकाणी खालचं वाचायची सोयच नाही. क्रिस्टोफर ते अक्षर बघत लहानाचे मोठे झाले, तरी बारा खंडांत जागोजागी शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकतात आणि आधीच्या खंडातलं स्वतःचं वाचन पुढच्या खंडात दुरुस्त करतात. तिथे एका दुपारी पेन्सिलने उतरवून घेतलेल्या ओळीवर आपण राजवंशाची वंशावळ बेतायची? अमुक ग्रंथालयात अमुक खर्डा आहे, एवढी नोंद खुशाल द्यावी. आतला मजकूर छापून येईपर्यंत थांबावं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा बाराशेहून जास्त हस्तलिखितं पाहिली गेली. वर संहिता, खाली पाठभेद. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची आपल्या घराघरातली कथा संहितेत टिकली नाही, पण ती फेकूनही दिली नाही, परिशिष्टात गेली. तिथे प्रश्न अनेक लेखनिकांच्या प्रतींचा होता आणि इथे एकाच माणसाच्या बदलत्या मनाचा, हा फरक मोठा आहे. पण पानाची ती मांडणी उचलायला काय हरकत आहे? गिल-गॅलडच्या इन्फोबॉक्समध्ये 'वडील: खर्ड्यांत मतभेद, खाली पाहा' एवढंच लिहा आणि खाली तिन्ही नावं, कुठल्या टप्प्यावर आली त्यासकट. पान कुरूप दिसेल म्हणतात. दिसू दे.

सगळी प्रकरणं इतकी सरळ नसतात, हे कबूल. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला एक उपसंहार होता. त्यात कथेतला हॉबिट सॅम आपल्या मुलांशी बोलत बसलाय आणि राजाकडून, म्हणजे अ‍ॅरागॉर्नकडून, त्याला पत्र आलंय. टॉल्किननी तो गाळला, पण मजकूर पटेनासा झाला म्हणून नव्हे. ज्यांनी ज्यांनी वाचला त्या सगळ्यांनी नाक मुरडलं म्हणून. १९९२ साली तो 'सॉरॉन डिफिटेड'मध्ये छापला गेला. राजा उत्तरेला ब्रँडीवाइनच्या पुलापर्यंत आला हे मूळ पुस्तकाच्या परिशिष्टात आहेच, त्यामुळे पत्राचा कशाशी झगडाही नाही. मग ते पत्र 'घडलं' की नाही? मी ते सॅमच्या पानावर 'गाळलेला उपसंहार' असं वेगळं शीर्षक देऊन ठेवीन, कालपटात घालणार नाही. ज्यांना कालपटातच हवंय त्यांनी कमेंटमध्ये यावं, फक्त येताना पुस्तक आणि पान क्रमांक घेऊन यावं.