२०१४ साली जन्मलेल्यांनी कुणाचं घोडं मारलंय?

पालकांच्या गटांमधून एक संदेश बरेच दिवस फिरतोय. त्याचं सार असं: मुलांसाठी कोड्याचा साधा खेळ बनवताना गुणांची भानगड ठेवूच नका, टायमर लावा आणि जितके सेकंद तोच स्कोअर धरा. घड्याळ सगळ्यांना सारखं असतं, घाईने डोकं तल्लख होतं, घड्याळ खोटं बोलत नाही आणि मोठ्या स्पर्धांतही वेळच मोजतात, अशी चार कारणं त्यात दिली आहेत. नाशिकरोडला रविवारी मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. तिथल्या तीन पालकांनी तो मला पाठवला, 'आपल्या खेळातही असंच करा' म्हणून. मी आधी अगदी असंच केलं होतं आणि त्यात मुलांवर अन्याय झाला. म्हणून हे सविस्तर उत्तर.

खेळ आपल्याच मातीतला आहे. गणिती द. रा. कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लावून वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. आमच्या खेळात मुलांनी आपलं जन्मसाल टाकायचं आणि ६१७४ गाठायचं.

घड्याळ सगळ्यांना सारखं, हे कबूल. पण कोडं कुठे सारखं आहे? २०१३ घ्या. ३२१० − ०१२३ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन वजाबाक्यांत काम झालं. आता २०१४. पहिली वजाबाकी ४२१० − ०१२४ = ४०८६. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पूर्ण सात! आमच्याकडे २०१३ च्या एका मुलाने दोन मिनिटं घेतली, म्हणजे एका वजाबाकीला ४० सेकंद. २०१४ च्या मुलीला दोन मिनिटं वीस सेकंद लागले, म्हणजे एका वजाबाकीला २० सेकंद. तिचा वेग दुप्पट, आणि स्क्रीनवर नाव मात्र त्याच्या खाली. "मॅडम, माझं कोडंच लांब होतं," ती म्हणाली. मी तिची समजूत घातली, 'पुढच्या वेळी होईल' म्हटलं. घरी येऊन कागदावर दोन्ही गणितं केली तेव्हा मला फार वाईट वाटलं. पोरगी खरं सांगत होती.

घाईने डोकं तल्लख होतं, या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. त्याच दिवशी पहिला आलेला मुलगाही २०१४ चाच होता. इतक्या लवकर कसं झालं म्हणून त्याची वही मागितली. पहिल्याच ओळीत ४२१० − ०१२४ = ४०९६. एककासाठी दशकातून एक घेतला आणि दशक कमी करायला विसरला. घाईत कुणाचंही होतं. पण पुढे बघा: ९६४० − ०४६९ = ९१७१, ९७११ − ११७९ = ८५३२, ८५३२ − २३५८ = ६१७४. चुकीच्या वाटेनेही ६१७४ आलीच, तीही सातऐवजी चार वजाबाक्यांत! चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या शेवटी तिथेच पोचते, त्यामुळे मधली चूक उत्तरात दिसतच नाही. आमचा खेळ फक्त शेवटचा आकडा तपासत होता. टायमरने चुकीला पहिला नंबर दिला आणि त्या मुलाला आपली चूक कळलीही नाही. यात डोकं तल्लख कसं होणार? दोष मुलाचा नाही, खेळ बनवणाऱ्याचा म्हणजे माझा आहे.

घड्याळ खोटं बोलत नाही म्हणतात, पण खेळातला टायमर बोलू शकतो. दर सेकंदाला एक मिळवायचा, असा सोपा कोड बहुतेक जण लिहितात. फोन आला किंवा दुसरा टॅब उघडला की ब्राउझर मागे गेलेल्या पानाचं काम मंद करतो आणि आकडा मागे पडतो. सुरुवातीची वेळ टिपून ठेवावी आणि शेवटी वजाबाकी करावी. तीही फोनच्या घड्याळावरून नको, कारण ते कुणीही मागे-पुढे करू शकतं. ब्राउझरमध्ये त्यासाठी 'परफॉर्मन्स डॉट नाऊ' नावाचं वेगळं घड्याळ आहे, ते मागे जात नाही.

आणि मोठ्या स्पर्धा? रुबिक क्यूबच्या अधिकृत स्पर्धांत वेळ मोजतात, पण नीट पाहा कशी. गटातल्या सगळ्यांना क्यूब सारखाच विस्कटून देतात. आधी निरीक्षणाला १५ सेकंद मिळतात. पाच प्रयत्नांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून उरलेल्या तीन वेळांची सरासरी धरतात. कमीत कमी चाली हा वेगळा प्रकार आहे, त्यात तासभर दिलेला असतो आणि चाली मोजतात. विंडोजच्या जुन्या सॉलिटेअरमध्येही पत्त्यांच्या चालींना गुण होते, वेळेचे दर १० सेकंदांना २ गुण कापले जायचे.

टायमर काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. मुलांना तो आवडतो. आता आमच्या खेळात प्रत्येक वजाबाकी तपासली जाते, चुकली तर पुढची ओळ उघडत नाही. सगळ्यांना एकच संख्या मिळते, आणि जन्मसालच हवं असेल तर एकूण वेळेला वजाबाक्यांनी भागतो. परवाच्या रविवारी त्या मुलीचा जुना निकाल या हिशेबाने फळ्यावर पुन्हा मांडला. २० सेकंद. तिने स्वतः खडू घेऊन सातही वजाबाक्या शेजारी लिहून काढल्या.