करुनचं करून करता करता

काल रात्री पावणेबाराला दिवाळी अंकाच्या चौदा कथा मी प्रश्नचिन्हांत बुडवल्या. चौदाच्या चौदा. भयकथा, विनोदी कथा, ती रटाळ ऐतिहासिकसुद्धा. पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत ????????.

कशापायी? तर 'करुन'. दीर्घ आहे हो तो रू! पण एकही लेखक ऐकेल तर शपथ. म्हणून म्हटलं, वर्डमध्ये मॅक्रो लिहू, म्हणजे कामं एकदा लिहून द्यायची आणि ती त्याने आपोआप करायची. फोल्डरमधली एकेक फाइल उघडायची, करुनचं करून करायचं, सेव्ह, बंद. पाच मिनिटांचं काम.

मॅक्रोच्या एडिटरमध्ये 'करुन' पेस्ट केलं. तिथे उमटलं ????. 'करून'चंही ????. आता इथे शहाण्या माणसाने थांबावं ना? मी म्हटलं, दिसायलाच तसं असेल, आतून बरोबर असेल. नव्हतं. जगातल्या लिप्यांच्या अक्षराअक्षराला आकडा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण या एडिटरच्या कानापर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

तरीही काही बिघडलं नसतं. चार प्रश्नचिन्हं शोधली असती, सापडली नसती, विषय संपला असता. पण दुपारी मी डबल स्पेस काढायला वाइल्डकार्डची खूण केली होती, आणि हा वर्ड मागच्या शोधाची सेटिंगं उराशी धरून बसतो. वाइल्डकार्डमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. म्हणजे मी त्याला सांगितलं की कुठलीही चार अक्षरं शोध आणि त्यांच्या जागी चार प्रश्नचिन्हं घाल. इतर वेळी साधा तक्ता दिसला की त्याच एका खणात गरगर फिरत बसणारा हा प्राणी, काल एकदाही न अडखळता चौदा फायली सेव्ह करून मोकळा. शेवटी 'झालं' असा मेसेज टाकला होता. तोसुद्धा ????.

आणि ते सल्ले! 'विंडोजमध्ये नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा मराठी कर.' केली. रशियनला, ग्रीकला, थाईला जुनं कोडपेज, म्हणजे युनिकोडच्या आधीची अक्षरांची यादी, आहे, त्यांचं त्याने भागतं. देवनागरीला तसलं कोडपेज मिळालेलंच नाही, तर सेटिंग बदलून काय डोंबल होणार? दुसरा म्हणतो, 'हातानेच कर ना, एवढं काय.' हा तोच, जो शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार दाबत बसतो आणि नवीन पानासाठी सतरा एंटर मारतो.

म्हणजे उपाय एकच. अक्षरं आकड्यांत लिहा. क २३२५, र २३५२, ऱ्हस्व उकार २३६९, न २३४४. प्रत्येकाला आकड्याचं अक्षर करणाऱ्या सीएचआरडब्ल्यूच्या (ChrW) कंसात कोंबा, मध्ये अँडची (&) माळ ओवा. 'म्हणुन' लिहायला सहा मणी लागतात, कारण हलन्ताचाही वेगळा. मराठी लिहितोय की मटक्याचे आकडे?

हेडरमधलं, म्हणजे पानाच्या डोक्यावरचं, तर तरीही बदलत नाहीच. त्यासाठी पहिल्या हेडरचा प्रकार उगाच एकदा विचारायचा. उत्तर कुठेही वापरायचं नाही, नुसतं विचारायचं, मग पुढचे हेडर सापडतात. घरातल्या मोठ्यांना जेवलात का विचारल्यासारखं. माझ्या जुन्या मॅक्रोत त्या ओळीशेजारी मीच लिहून ठेवलंय, 'हे का चालतं माहीत नाही, काढू नये'. तेही रोमन लिपीत, कारण कमेंटमध्येही मराठी चालत नाही.

बॅकअप? विचारू नका. मूळ कथा मेलमध्ये होत्या, दोन दिवसांची दुरुस्ती गेली.

पहाटे तीनला आकड्यांचा मॅक्रो चालवला. वाइल्डकार्ड बंद केलंय का ते तीनदा पाहिलं. एकही चूक दाखवली नाही, एकही शब्द बदलला नाही. अर्धा तास त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दिसलं, शोधायच्या आणि बदलायच्या, दोन्ही जागी मी २३७० लिहिलं होतं.

२३७० म्हणजे दीर्घ.