मुळशीच्या 'लेक'वर जाताय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी धरणाला 'लेक' म्हणायची सवय लावून घ्या. धरण म्हटलं की कुणाची तरी बुडालेली जमीन आठवते, आणि शनिवारी सकाळी असलं काही आठवू नये. १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांसह कित्येक जण तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. विषय संपला.

पोहायला उतरताना तळाचा विचार मुळीच करू नका. खाली भाताची खाचरं आहेत, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. एके काळी तिथे आंबेमोहर पिकायचा. म्हणून तर दहा पावलं पाणी कमरेएवढंच लागतं. तुम्ही मागे वळून 'ये रे, काही खोल नाही' असं ओरडता, आणि अकराव्या पावलाला बांध संपतो. खाली गाळ. एक पाय जोर लावून उपसा, म्हणजे दुसरा नीट रुतेल. मित्रानेही लगेच त्याच बांधावरून उडी मारावी. काठावरून दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकण्यात कसली आली मैत्री?

लाइफ जॅकेट घ्या, पण बकलं उघडीच ठेवा. आवळली की फोटोत पोट दिसतं. (पट्टे आवळल्यावरही खांद्याला धरून ओढलेलं जॅकेट कानापर्यंत येत असेल, तर पाण्यात ते वर राहतं आणि माणूस खालून सटकतो. पण एवढं कोण बघतं!) काठावर बसायला ते झकास. बसून बसून आतला फोम चपटा झाला की पुढच्या गिऱ्हाईकाला कमी तरंगवतो, तो त्याचा प्रश्न.

तंबू पाण्याला अगदी टेकवून ठोका. काठावर वाळक्या काड्या-कचऱ्याची आडवी रेघ दिसेल. पाणी तिथवर येऊन गेल्याची ती खूण; तिच्या खालीच जागा सपाट मिळते. पावसाळ्यात ताम्हिणीकडचं पाणी रात्रीत चढतं, तेव्हा उशाशी आपोआप गारवा येतो.

एवढ्यानेही मन भरलं नाही तर घाट उतरून कोलाडला राफ्टिंग करा. पूर्वेला निघालेल्या मुळा नदीचं, म्हणजे याच 'लेक'चं, पाणी बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात नेलंय. वीज करून ते सकाळी कुंडलिकेत सुटतं, तेव्हाच लाटा येतात. म्हणून आरामात, जेवून, दुपारी पोचा. पात्रात नुसते दगड दिसले की राफ्टवाल्याला ठणकावून सांगा, हक्काचं पाणी मिळेपर्यंत आम्ही इथेच सत्याग्रहाला बसणार.