कानाडोळा

गेल्या शनिवारी दुपारी मी हॉलमध्ये खिडकीपाशी उकिडवा बसून एका काळ्या तबकडीवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारत होतो. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली आहे. तिने दारातूनच विचारलं, "काय रे, तांदूळ निवडतोयस?"

"कान शोधतोय."

आई काही न बोलता आत गेली. आतून आवाज आला, "अगं, ह्याला जरा कुणाला तरी दाखवून आण."

तर कान. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या काही जॅझ वादकांनी बीबॉप ह्या जॅझ-प्रकाराच्या भन्नाट वेगात चर्चमधलं गाणं आणि ब्लूज कालवले, त्याला हार्ड बॉप म्हणतात. त्यातल्या सगळ्यात मानाच्या तबकड्या ब्लू नोट कंपनीच्या. त्या तयार व्हायच्या प्लास्टिलाइट नावाच्या, आमच्या न्यू जर्सीतल्याच कारखान्यात. गाणी संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यात हा कारखाना आपल्या नावातला वळणदार 'पी' उमटवायचा. तो 'पी' दिसतो हुबेहूब कानासारखा. १९६६ साली ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली, कारखाना सुटला आणि कानही गेला. संगीत तेच, वाजवणारे तेच. पण कान असला की किमतीला एक शून्य जास्त.

त्याच पट्टीत रूडी व्हॅन गेल्डरची खूण सापडावी लागते. हा गृहस्थ पेशाने चष्म्याचे नंबर काढणारा. दिवसा डोळे तपासायचे आणि फावल्या वेळात हॅकेनसॅकला आईवडिलांच्या हॉलमध्ये ब्लू नोटचं ध्वनिमुद्रण करायचं! आर्ट ब्लेकीसारखा दणदणीत ड्रमर घराच्या हॉलमध्ये. त्या माउलीने काय सोसलं असेल! १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. थोडक्यात, डोळेवाल्याने केलेल्या कामावर आम्ही कान शोधतो, आणि त्यापायी घराकडे कानाडोळा होतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

बाकीचे गुण जुळवणं म्हणजे पत्रिकाच. लेबलावर कंपनीचा पत्ता ७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू की ४७ वेस्ट ६३? लेबलात खोल गोल खाच आहे का? सॅक्सोफोनवाल्या हँक मोब्लीची १५६८ क्रमांकाची तबकडी तर अशी, की तिच्या काही प्रतींवर एका बाजूच्या पत्त्यात 'एनवायसी', म्हणजे न्यूयॉर्क सिटी, आहे आणि दुसऱ्या बाजूच्या पत्त्यात नाही. कुणीतरी उरलेली लेबलं संपवली असावीत. आपल्याकडे लग्नपत्रिकेची जुनी पाकिटं संपवतात तशी. त्या काटकसरीपायी आज लोक हजारो डॉलर मोजतात. मला ब्लू नोटचे सगळे पत्ते सालवार पाठ आहेत. स्वतःचे मागचे तीन पत्ते व्हिसाच्या फॉर्मवर भरताना मात्र बायकोला विचारावे लागतात.

दर्जाची भाषा आणखी न्यारी. 'व्हेरी गुड' म्हणजे वाईट. 'गुड' म्हणजे हिच्यावर कुणीतरी कांदा चिरला आहे. माझी होती 'व्हेरी गुड प्लस': ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स ह्या बँडची १९५८ची, 'मोनिन' ज्या तबकडीत आहे ती. पार्सल आलं तेव्हा बायकोने खोक्याचा आकार बघूनच विचारलं, "हीच का ती? आपल्याकडे ही दोनदा आहे ना?"

"एक जपानी आहे, एक अलीकडची."

"आणि ही?"

"ही खरी."

"मग त्या दोघींशी खोटंच चाललंय होय तुझं?" ह्यावर उत्तर नसतं.

कान सापडला. दोन्ही बाजूंना. मी इतक्या जोरात ओरडलो की आई पळत आली. ती समोर बसली आणि म्हणाली, "लाव की मग." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईला हे संगीत आपलंसं वाटावं म्हणून मी सांगितलं, की ह्यांच्यातलाच सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स १९६०च्या दशकाच्या शेवटी पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून गेला. आईचा चेहरा खुलला. "म्हणजे चांगल्या घरातली मंडळी आहेत."

सुई टेकवली. 'मोनिन'ची रचना अशी, की बॉबी टिमन्स पियानोवर एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत तिला होकार भरतात. मग पुन्हा ओळ, पुन्हा होकार. आईने मान डोलावली. "हे बघ, पेटीवाला बुवा म्हणतोय आणि मागचे टाळकरी 'विठ्ठल' म्हणतायत." हार्ड बॉपवर मी विकत घेतलेल्या जाडजूड पुस्तकांत इतकं सोपं कुणी सांगितलेलं नाही.

आणि तिथेच घात झाला. पासष्ट वर्षं ज्याच्या त्याच्या सुईने हेच गाणं उकरलेलं. टॉर्चखाली न दिसलेला चरा नेमका होकारावर होता. ही तबकडी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, म्हणजे अडकलेली सुई दर १.८ सेकंदांनी त्याच जागी येते. विठ्ठल. विठ्ठल. विठ्ठल. माझ्या पोटात गोळा आला. विकणाऱ्याला काय लिहायचं, पैसे परत मागायचे का, मागितले तर कान परत द्यावा लागेल, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. तिच्या चेहऱ्यावर 'खरी' हा शब्द स्पष्ट वाचता येत होता.

मी उठून हलक्या हाताने सुई उचलली.

आई मांडीवर ताल धरून डोळे मिटून बसली होती. तिने डोळे उघडले. "बंद का केलंस रे? आत्ता कुठे गजर रंगत होता."

मी सुई परत त्याच जागी ठेवली.